मोडका स्पिंडल आणि ‘चित्रांचा तमाशा’

वर ‘अनुभवी वकिलाचा सल्ला’ असं ठळक शीर्षक, खाली नाव कुणाचंच नाही, असा एक मजकूर सध्या कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. वकिलांच्या ग्रुपवर आहे, शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांच्या ग्रुपवर आहे, आमच्या तालमीच्या ग्रुपवरही कुणीतरी ढकललाय. थोडक्यात तो असा: सदोष वस्तूमुळे इजा झाली म्हणून उत्पादकाविरुद्ध दाद मागायची असेल तर नकाशे, मॉडेल, ॲनिमेशन असल्या भानगडीत पडू नका. आपल्याकडे ज्यूरी (खटल्यात कौल देणारे सामान्य नागरिक) नाही. शिकलेल्या न्यायाधीशाला चित्रं दाखवणं म्हणजे त्याचा अपमान. लॅबचा रिपोर्ट आला की विषय संपला. ॲनिमेशन हा पुरावाच नव्हे, त्यामुळे ते कुणी बघत नाही. शिवाय चित्र फसवतं, शब्द फसवत नाही. आणि हे सगळे बड्या कंपन्यांचे चोचले. सामान्य माणसाने मोबाइलमधले फोटो दाखवावेत, तेवढं बास.

उद्यमनगरात माझं काम मोडलेले भाग तपासायचं. का मोडलं ते लिहून द्यायचं आणि बोलावणं आलं तर ग्राहक आयोगापुढं उभं राहून सांगायचं. त्यामुळं हा मजकूर वाचून गप्प बसवेना. त्यात एक-दोन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणून तर तो पसरतोय. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झाल्यापासून (१८ ऑगस्ट २०२५) ‘आता सगळं कोल्हापुरातच’ असा उत्साह आहे, आणि उत्साहात लोक मिळेल तो सल्ला गिळतात.

‘ज्यूरी नाही, मग चित्रं कुणासाठी?’

ज्यूरी नाही हे खरं. १९५९ च्या नानावटी प्रकरणानंतर तिची पत गेली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नाही. पण मजकूर लिहिणाऱ्याने गुपचूप एक गोष्ट गृहीत धरलीय, की चित्र हे अडाण्याला पटवायचं साधन आहे. अमेरिकेतल्या खटल्यांबद्दल वाचलं की असा समज होतो, कारण तिथं ज्यूरीतल्या माणसांची मनं वळवण्यावर बरीच चर्चा चालते.

आपल्याकडे जिल्हा ग्राहक आयोगात एक अध्यक्ष आणि किमान दोन सदस्य असतात. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीशाच्या पात्रतेचे. सदस्य कायदा, वाणिज्य, प्रशासन, अभियांत्रिकी, वैद्यक यांपैकी कुठल्याही क्षेत्रातले चालतात. म्हणजे समोर बसलेल्यांत धातू ओळखणारा कुणी असेलच असं नाही. सकाळी विम्याचा क्लेम, मग बिल्डरने ताबा न दिलेला फ्लॅट, मग आमचा मोडलेला भाग. अशा वेळी शिकलेला माणूसच म्हणतो, ‘जरा काढून दाखवा.’ आणि मग तज्ज्ञ कुठल्यातरी कागदाच्या पाठीवर पेन्सिलने आकृती काढतो, सगळे माना डोलावतात आणि तो कागद तज्ज्ञाच्याच पिशवीतून घरी जातो. निकाल अपिलात गेला की वर बसलेल्यांच्या हाती तोंडी समजावणी नसते, निशाणी (पुरावा म्हणून नोंदीचा क्रमांक) असलेले कागद असतात. आकृती आधीच शपथपत्राला जोडली असती तर ती फाईलबरोबर वर गेली असती.

अपमानाच्या मुद्द्याबद्दल एवढंच. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हिमाचल प्रदेश विरुद्ध जयलाल या प्रकरणात (स्कॅब लागलेल्या सफरचंदांचं प्रकरण होतं ते) तज्ज्ञाचं काम काय ते सांगून ठेवलंय. निष्कर्ष बरोबर आहे की नाही हे तपासायच्या कसोट्या तज्ज्ञाने न्यायाधीशापुढे ठेवायच्या, म्हणजे न्यायाधीश आपलं मत आपण बनवेल. नुसता निष्कर्ष देणारा तज्ज्ञ ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणत असतो. खरं तर न्यायाधीशाचा अपमान त्यात आहे.

घरातलं उदाहरण घ्या, कुकरचं. झाकण उडालं, हात-तोंड भाजलं. कंपनी म्हणते, ‘दाब जवळजवळ उतरलेला असताना बाईंनी उघडला, त्यात झाकण उडेल कसं?’ आता कुकरच्या तोंडाचा व्यास २० सें.मी. धरा. क्षेत्रफळ होतं ३१४ चौरस सें.मी. शिट्टीच्या वेळचा दाब दर चौरस सें.मी.ला साधारण १ किलो. म्हणजे झाकणाला खालून ३१४ किलोचा रेटा, तीन क्विंटलच्या वर. दाब दहा टक्क्यांवर उतरला तरी ३१ किलो उरतात. हे वाक्यात लिहिलं तर वाचणारा पुढं सरकतो. झाकणाचा छेद, खालून वर जाणारे बाण आणि शेजारी दोन आकडे, एवढी एक आकृती ठेवली की ‘जवळजवळ उतरलेला’ या शब्दांतली हवा निघून जाते. मग खरा प्रश्न पुढं येतो: एवढा रेटा शिल्लक असताना झाकण फिरू देणारी रचना बरोबर होती का?

‘लॅबचा रिपोर्ट आला की विषय संपला’

हा सगळ्यांत घातक सल्ला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ३८ उघडून बघा. तपासणीशिवाय दोष कळत नसेल तर आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि ४५ दिवसांत अहवाल मागवतो. इथपर्यंत मजकूर बरोबर. पण त्याच कलमात पुढं असंही आहे, की अहवालातले निष्कर्ष किंवा तपासणीची पद्धत मान्य नसेल तर पक्षकाराने लेखी हरकत द्यायची आणि दोन्ही बाजूंना त्यावर म्हणणं मांडायची संधी मिळायची. म्हणजे रिपोर्ट आल्यावर खरा वाद सुरू होतो.

आणि रिपोर्टात असतं काय? समजा, उसाच्या ट्रॉलीचा स्पिंडल मोडला. गळीत हंगाम, रात्रीची वेळ, भरलेली ट्रॉली कलंडली, शेतकऱ्याचा पाय गेला. (मोडलेल्या स्पिंडलच्या किमतीसाठी हा मार्ग नाही, बरं का. कायद्यातल्या ‘हानी’त खुद्द वस्तूचं नुकसान येत नाही, पायाचं येतं.) रिपोर्ट येतो: रासायनिक घटक मानकाप्रमाणे, कठीणपणा मर्यादेत, भंग फटीगमुळे (पुन्हापुन्हा पडणाऱ्या भाराने हळूहळू वाढलेल्या भेगेमुळे). तीन ओळी. तक्रारदाराच्या वकिलाला वाटतं जिंकलो, कारण फटीग म्हणजे दोष. सामनेवाल्यांच्या वकिलाला वाटतं आपण जिंकलो, कारण माल मानकाप्रमाणे आहे आणि फटीग तर रोज जादा भरल्यानेही होतं. दोघंही तोच कागद फडकवतात.

आता तो मोडलेला चेहरा, म्हणजे तुटलेल्या जागेचा पृष्ठभाग, बघू. स्पिंडल म्हणजे बीममधून बाहेर आलेला दांडा, त्यावर चाक बसतं. जमीन चाकाला वर रेटते, म्हणून दांड्याच्या मुळाशी खालच्या बाजूला ताण पडतो. दांडा जाड होतो त्या स्टेपवर, खालच्या अंगाला, भेग सुरू होते. ट्रॉली भरते, रिकामी होते, खड्ड्यात आपटते, आणि भेग वर सरकत राहते. सरकताना मागं बारीक कमानदार रेषा सोडते, रंकाळ्याचं पाणी उन्हाळ्यात उतरत जाताना कडेच्या दगडांवर राहतात तशा. शेवटी उरलेलं पोलाद भार पेलू शकत नाही आणि एका झटक्यात तुटतं. तो भाग खडबडीत, दाणेदार दिसतो. गुळगुळीत कमानी आणि दाणेदार पट्टा, अशी एकाच चेहऱ्याची दोन रूपं.

शेवटच्या दाणेदार पट्ट्याचा आकार इथं बोलतो. भार भरमसाट असेल तर भेग थोडी वाढली की उरलेला दांडा हात टेकतो, म्हणून पट्टा मोठा राहतो. भार माफक असेल तर भेग बहुतेक सगळा दांडा पोखरते आणि पट्टा छोटा उरतो. शिवाय एका फेरीतल्या अतिभाराने मोडला असता तर हा पोलादी दांडा आधी वाकला असता. मोडलेल्या तुकड्याला सरळपट्टी लावून काढलेला फोटो हे दाखवतो. ‘ट्रॉलीत डबल ऊस भरला होता’ या एका वाक्याला उत्तर द्यायला चेहऱ्याचा मोठा फोटो, त्यावर दोन भागांची सीमारेषा आणि क्षेत्रफळाची टक्केवारी लागते. ‘फटीग भंग आढळला’ हे शब्द ते काम करत नाहीत.

पण एवढ्यानेही दोष सिद्ध होत नाही, आणि प्रामाणिक तज्ज्ञाने हे स्वतःहून सांगावं. भेग तिथंच का सुरू झाली? कंपनीच्या ड्रॉइंगवर त्या स्टेपला ५ मि.मी. रेडिअस (कोपऱ्याची गोलाई) दिलाय. प्रत्यक्ष दांड्यावर समजा १ मि.मी. निघाला, टर्नरने टूल बदलला नाही, कुणी तपासलं नाही. कोपरा असा तीक्ष्ण झाला की तिथला स्थानिक ताण साधारण ४० टक्क्यांनी वाढतो, भार तोच असताना. हे दाखवायला प्रोफाइल प्रोजेक्टर पुरतो, उद्यमनगरात आणि गोकुळ शिरगावात तो हाताशी आहे. दांड्याची दहापट मोठी सावली पडद्यावर घ्यायची, ट्रेसिंग पेपरवर उतरवायची आणि ड्रॉइंगमधला कोपरा त्याच प्रमाणात तिच्यावर ठेवायचा. दोन रेषा जिथं एकमेकींपासून सुटतात तिथं लाल पेन्सिल. कलम ८४ प्रमाणे ठरलेल्या उत्पादन-मापांपासून फारकत हे उत्पादकाच्या जबाबदारीचं स्वतंत्र कारण आहे. ही फारकत त्या ट्रेसिंगवर मापासकट दिसते, आणि सामनेवाल्यांच्या इंजिनिअरला ती स्वतः मोजून बघता येते. लॅबच्या तीन ओळींच्या रिपोर्टात रेडिअसचा उल्लेखही नव्हता, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

‘ॲनिमेशन पुरावा नाही, म्हणून कुणी बघत नाही’

पहिला अर्धा भाग बऱ्याच अंशी बरोबर. पण ‘म्हणून’ कुठून आलं?

अमेरिकेत हा घोळ इतकी वर्षं चालला, की अखेर १ डिसेंबर २०२४ पासून तिथल्या संघीय पुरावा नियमांत १०७ क्रमांकाचा नवा नियम घालावा लागला. त्याचं म्हणणं असं: समजावण्यासाठीचं साधन पुरावा नव्हे, पण त्याने समजायला मदत होत असेल आणि दिशाभूल होण्याचा धोका त्या मदतीपेक्षा फारच जास्त नसेल तर न्यायालय ते वापरू देऊ शकतं. ज्यूरी विचारविनिमयाला आत जाते तेव्हा ते साधन एरवी सोबत द्यायचं नाही. आणि शक्य असेल तिथं त्याची नोंद अभिलेखात राहायची. म्हणजे जिथं ज्यूरी भुलण्याची भीती सर्वांत जास्त, त्या देशानेही दार बंद केलं नाही, चौकट ठरवली.

आपल्याकडे असा वेगळा नियम नाही, पण वाट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तज्ज्ञाचं मत कलम ३९ मध्ये आहे आणि त्या मतामागची कारणं कलम ४५ मध्ये. तज्ज्ञ आपण केलेल्या प्रयोगांची हकिकत सांगू शकतो. चित्र या कारणांचा भाग म्हणून येतं. ग्राहक आयोगापुढे तक्रार मुख्यतः शपथपत्रं आणि कागदपत्रं यांच्यावर चालते. त्यामुळे आकृती शपथपत्राला जोडून, तिची प्रत सामनेवाल्यांना देऊन, वेळेत दाखल करायची. युक्तिवादाच्या दिवशी पिशवीतून लॅपटॉप काढून ‘साहेब, दोन मिनिटांचा व्हिडिओ’ असं म्हणणाऱ्याला नकार मिळाला, तर तो नकार ॲनिमेशनला नसतो, अवेळी आणलेल्या कागदालाही तोच मिळाला असता. मला वाटतं, या मजकुराचा जन्म अशाच एखाद्या नकारात झाला असावा.

एक फरक मात्र वकिलांनी पाठ करावा. ॲनिमेशनमध्ये तज्ज्ञ जे सांगतो ते हलताना दिसतं, बस्स. सिम्युलेशनमध्ये आकडे घातले जातात आणि संगणक उत्तर काढतो. शिरोलीत ओतकामाआधी धातू कुठं शेवटी गोठेल, श्रिंकेज (धातू आकसून होणारी पोकळी) कुठं पडेल, हे सिम्युलेशनवर बघतात, ते दुसऱ्या प्रकारचं. त्यात घातलेला प्रत्येक आकडा सिद्ध करावा लागतो. पहिल्या प्रकारावर दुसऱ्याचं लेबल लावलं की उलटतपासणीत सुट्टी नाही.

‘चित्र फसवतं, शब्द फसवत नाही’

चित्र फसवतं, यात वाद नाही. एफईएची (भागात कुठं किती ताण पडतो हे संगणकावर काढायची पद्धत) रंगीत चित्रं बघा. लाल रंग दिसला की बघणाऱ्याला वाटतं इथं मोडणार. पण लाल म्हणजे त्या चित्रातला सर्वांत जास्त ताण, एवढंच. सॉफ्टवेअर रंगांची पट्टी आपोआप ताणून बसवतं; ताण मोडण्याच्या मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याएवढा असला तरी कुठंतरी लाल येणारच. वाकणंही असंच. डोळ्याला दिसावं म्हणून ते कित्येक पट वाढवून दाखवतात आणि किती पट ते कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं. रंगपट्टी कापून चिकटवलेलं असं चित्र मी हातात घेत नाही.

याहून शिकण्यासारखं उदाहरण अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाचं. तो खटला नव्हता, चौकशी आयोग होता, पण प्रश्न आपलाच: भाग का निकामी झाला? २८ जानेवारी १९८६ ला यान कोसळलं. आदल्या रात्री इंजिनिअरांनी थंडीची शंका काढली होती आणि ती मान्य झाली नाही. नंतर चौकशी आयोगाच्या अहवालात दोन आलेख शेजारी छापले गेले. पहिल्यात फक्त ओ-रिंगला (रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी कडीला) इजा झालेली उड्डाणं आणि त्या वेळचं तापमान. ठिपके विखुरलेले, थंडीशी काही संबंध दिसत नाही. दुसऱ्यात इजा न झालेली उड्डाणंही घातली, आणि चित्र पालटलं: ६५ अंश फॅरेनहाइटच्या (साधारण १८ अंश सेल्सिअस) खाली झालेलं एकही उड्डाण इजेविना गेलं नव्हतं. दोन्ही आलेखांतला प्रत्येक ठिपका खरा होता, तरी पहिला आलेख दिशाभूल करत होता. आयोगाचे सदस्य असलेले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी ११ फेब्रुवारीला आयोगासमोर ओ-रिंगचा तुकडा शिकंजात आवळून बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला, ते सगळ्यांना आठवतं. माझ्या मते वकिलांनी त्या ग्लासापेक्षा हे दोन आलेख जास्त बघावेत.

कारण पहिल्या आलेखाची चोरी पकडता कशी येते बघा. ‘एकूण उड्डाणं किती? बाकीचे ठिपके कुठायत?’ एवढं विचारलं की काम झालं. चित्राला अक्ष असतात, प्रमाण असतं, रिकामी जागा असते. त्यावर बोट ठेवून विचारता येतं. याउलट ‘ग्राहकाने निष्काळजीपणे हाताळल्याने भागावर अतिरिक्त ताण आला असण्याची दाट शक्यता नाकारता येत नाही’ या वाक्यात बोट कुठं ठेवणार? किती ताण, कुठल्या बाजूने, कशावरून? असल्या वाक्यांची पानंच्या पानं मी वाचलीयत. ती लिहिणाऱ्या तज्ज्ञाला आयोगाने फक्त एवढं म्हणावं: बलाची दिशा बाणाने दाखवा, किलो लिहा. निम्मी वाक्यं तिथंच गळून पडतील.

‘बड्यांचे चोचले, मोबाइलमधले फोटो पुरेत’

थ्रीडी ॲनिमेशन महाग असतं, ते बहुतेक प्रकरणांत लागतही नाही. कुकरचं त्याच मॉडेलचं दुसरं झाकण करवतीने मधोमध कापलं की छेद तयार. मोटारीचं कापलेलं इंजिन आयटीआयच्या पोरांना दाखवतात, तीच युक्ती. डाय पेनिट्रंटचे डबे फौंड्रीत रोज फवारले जातात: लाल रंग मारा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा, भेग असेल तिथं लाल रेघ उमटते. दोन्ही पक्षांसमोर केलं तर रेघ उमटताना सामनेवाल्यांचा माणूसही ती बघतो. फक्त एक: मोडलेल्या चेहऱ्यावर हे आधी करू नका, खुणा बुजतात. चेहऱ्याचे फोटो आधी.

आणि मोबाइलचे फोटो जरूर काढा, पण ‘पुरेत’ हे चूक. फ्लॅश मारून समोरून काढलेल्या फोटोत त्या कमानी नाहीशा होतात. टॉर्च एका बाजूने, जवळजवळ आडवा धरा, म्हणजे उंचवट्यांची सावली पडते. शेजारी स्टीलची पट्टी ठेवा, नाहीतर आकाराचा अंदाज कुणालाच येत नाही. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि त्याची तारीख-वेळेची आतली माहिती निघून जाते; मूळ फाईल फोनमध्ये जपा, पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र लागतं, एक भाग पक्षकाराचा आणि एक तज्ज्ञाचा, फाईलच्या हॅश व्हॅल्यूसह (फाईल बदलली तर बदलणारा तिचा आकडी ठसा). असं प्रमाणपत्र टाळता येत नाही हे २०२० मध्ये, जुन्या पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखाली, जालन्याच्या निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणातच ठरलंय. ग्राहक आयोगात पुरावा कायद्याची चौकट तितक्या काटेकोरपणे लावत नाहीत, हे खरं. पण मूळ फाईल हरवल्यावर ती सवलत काय कामाची?

चित्र-फोटोंच्या आधी मात्र वस्तू टिकली पाहिजे, आणि त्या मजकुरात याबद्दल चकार शब्द नाही. मोडलेले दोन्ही तुकडे जपा. ‘बसतात का बघू’ म्हणून ते एकमेकांवर टेकवू नका. घासले की कमानी गेल्या. वायर ब्रश नाही, पॉलिश पेपर नाही, गॅरेजवाल्याला ‘वेल्डिंग मारून दे’ नाही. कोरडं करून स्वच्छ कापडात, वेगवेगळं गुंडाळा. कापून तपासायचं असेल तर सामनेवाल्यांना लेखी नोटीस द्या, आयोगाची परवानगी घ्या, आधी मापं आणि फोटो घ्या, मग करवत.